काळ्या दोऱ्याचं माप

बायकोच्या वाढदिवसाला साडी आणावी, हा माझा बारा वर्षांचा मळलेला रस्ता मी यंदा सोडला आणि तिथूनच सगळं घसरत गेलं.

माझी बायको विजयमाला वेल्डर आहे. हे वाक्य मी आता न अडखळता म्हणू शकतो. (लग्न झालं तेव्हा पाहुण्यांना 'ती वडिलांना दुकानात मदत करायची' एवढंच सांगत होतो. कसली मदत, हे कुणी विचारलं तर चहा आणायला आत जात होतो.) तिचे वडील आप्पासो लष्करात गाड्या दुरुस्त करायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी कुंडलला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं दुकान टाकलं. ज्या वयात बाकीच्या मुली भातुकली खेळत होत्या, त्या वयात विजयमाला ट्रॉलीच्या फाळक्याला वेल्डिंगचे टाके मारत होती. मी कोरेगावच्या एका हायस्कूलमध्ये क्लार्क. आमच्या घरात खिळा ठोकायचा असला तर ठोकायचं काम तिचं, आणि मी खिळा धरतो. तोसुद्धा पक्कडीनं.

घराशेजारी पत्र्याची शेड टाकून तिनं खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी पलंग, गुरांच्या गव्हाणी अशी कामं सुरू केली होती. कामं छोटी, पण हात पक्का. अशात आमच्या शाळेचं मेन गेट एका उसाच्या ट्रॉलीनं मागं येता येता आडवं केलं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत नवीन गेट हवं होतं. सातारच्या दोन दुकानांची कोटेशनं आली, तिसरं विजयमालाचं. चेअरमनसाहेबांनी ते चष्मा वर-खाली करून दोनदा वाचलं.

"क्लार्कसाहेब, मिसेसचं काम बघायला रविवारी धा वाजता येतो. डोळ्यानं बघितल्याबिगर ऑर्डर न्हाई. बाईमाणूस वेल्डिंग करतंय म्हंजे..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

मी मान हलवली. मी नेहमीच हलवतो. बावीस वर्षांच्या नोकरीत माझी मान फक्त वर-खाली फिरायला शिकली आहे. डावी-उजवी करायची वेळच कुणी येऊ दिली नाही.

त्या गेटाचं चित्र विजयमालानं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीमागं दोन महिन्यांपूर्वीच काढून ठेवलं होतं. वर कमान, मधे उघडलेलं पुस्तक, खाली भाल्यासारखे गज. भाकरी भाजता भाजता ती त्या चित्राकडं बघायची. (भाकरी करपायची. मी खायचो.) इतकं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळणार होतं, आणि ते मिळालं नसतं तर ती काही बोलली नसती. तिच्या न बोलण्याचीच मला जास्त भीती वाटते.

तर वाढदिवसाला मी तिच्यासाठी वेल्डिंगचं हेल्मेट मागवलं.

ती जुन्या पद्धतीची, हातात धरायची काच वापरायची. एका हातात काच, दुसऱ्यात रॉडचा होल्डर. मग पाइप धरायला तिसरा हात लागायचा आणि तो माझा असायचा. तो थरथरायचा, त्यामुळे दोन-तीन जाळ्या वाकड्या गेल्या. नवीन हेल्मेट डोक्यावर बसणार, ठिणगी उडाली की त्याची काच आपोआप काळी होणार, दोन्ही हात मोकळे राहणार आणि मी निवृत्त होणार, असा माझा डाव होता.

हेल्मेट आलं. आतली डोक्याला बांधायची पट्टी सुटी होती. ती मी ऑफिसात, मधल्या सुटीत, चित्रं बघून स्वतः बसवली. चित्रं मुंगीएवढी होती, पण मीही काही कमी नाही. खटके बसल्याचा आवाज आला तेव्हा शिपायाला बोलावून दाखवलंसुद्धा.

विजयमालानं ते डोक्यावर चढवलं आणि ते सरळ नाकावर येऊन बसलं. पट्टीची गोल किल्ली आवळली तर कानशिलं दाबली गेली. सैल केली तर वाकताच हनुवटीवर. मागं अंबाडा पट्टीला वर ढकलायचा, पुढं पट्टी खाली यायची. पाच-सहा मिनिटांत तिच्या कपाळावर लाल रेघ उमटली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. (मी केलेल्या उपम्यालाही ती असंच म्हणते.) मग तिनं हेल्मेट सोप्यातल्या खिळ्याला अडकवलं. "रविवारपतोर मी जुन्या काचंवरच काम करीन. ह्याचं सवडीनं बघू. आवं, तुमी मात्र त्याला हात लावू नका."

मी मान हलवली.

आणि शनिवारी सकाळी गुंडाकडं गेलो.

गुंडा आमच्या तालुक्यातला फेटेवाला. लग्नसराईत निम्म्या कोरेगावची डोकी त्याच्या हाताखालून जातात. डोक्याला काहीतरी घट्ट बसवायचं आणि माणूस ओरडता कामा नये, या विषयात त्याच्याइतकं शिक्षण कुणाचं नाही.

"गड्या," तो म्हणाला, "डोकं गोल नसतंयच. कुणाचं नारळासारखं, कुणाचं भोपळ्यासारखं. वैनीच्या डोक्याचं माप आण दोऱ्यानं. म्होरं भुवईच्या वर दोन बोटं, मागं अंबाड्याखाली खोबणी असती तितनं. माप बराबर आलं की म्होरलं माझ्यावर सोड."

"पण ती हात लावू नका म्हणालीय."

"हेल्मेटला न्हवं? मग डोक्याला लाव की."

हे मला पटलं. (इथं वाचकांनी माझ्याविषयी मत बनवायला हरकत नाही.)

उन्हाळ्याचे दिवस, सकाळची शाळा. दुपारी घरी आलो तर विजयमाला जेवून सोप्यात चटईवर झोपलेली. याहून चांगली संधी नव्हती. दोरा शोधायला लागलो. सुतळी शेडमध्ये होती आणि शेडच्या पत्र्याचं दार कोल्हापूरपर्यंत ऐकू जातं. शिवणाच्या डब्याला कुलूप. शेवटी देव्हाऱ्याच्या खणात काळा दोरा सापडला. नव्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधली तेव्हा उरलेला.

मी तिच्या उशाशी गुडघे टेकून बसलो. गुंडानं सांगितलेलं विसरू नये म्हणून ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, "म्होरं दोन बोटं, मागं खोबणी. म्होरं दोन बोटं, मागं खोबणी." दोरा कपाळावरून कानामागं नेला, हळूच मान उचलून खोबणीतून फिरवला आणि जिथं टोकं भेटली तिथं गाठ मारली. काळ्या दोऱ्यावर पेनाची खूण दिसत नाही, म्हणून गाठ. गाठीत तिचे दोन केस अडकले ते तुटले. ती झोपेत "हं" म्हणाली. ती जागी होऊ नये म्हणून मी तिच्या कपाळावर हलकी फुंकर मारली. ती पुन्हा घोरायला लागली.

(ती घोरते असं मी लिहिलं आहे, हे तिला कुणी सांगू नये.)

दोरा फार गुंतत होता. म्हणून स्वयंपाकघरातून समोर दिसेल ती गोल वस्तू घेतली आणि तिला दोरा गुंडाळला. ती वस्तू लिंबू होती. लिंबू खिशात आणि खिळ्यावरचं हेल्मेट पिशवीत टाकून निघालो. तिकटीवर आलो आणि चपलेचा अंगठा निसटला. वाकलो तसं लिंबू खिशातून निघून बरोबर तीन रस्त्यांच्या मधोमध जाऊन थांबलं. समोरून एक मोटारसायकलवाला आला. त्यानं लिंबू बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गाडी वळवून आल्या वाटेनं परत गेला. लोक किती समजूतदार झालेत, असं मला वाटलं. मी लिंबू उचललं आणि गुंडाकडं गेलो.

हे सगळं शेजारच्या दगडाबाई गच्चीवर कुरडया वाळत घालताना बघत होत्या, हे मला माहीत नव्हतं. त्या गच्चीवरून आमचा सोपा दिसतो आणि तिकटीही दिसते. दगडाबाई म्हसवडकडच्या. देवाचं काय आणि बाहेरचं काय, यातला फरक आपल्याला लांबूनही कळतो असा त्यांचा दावा आहे. माझ्या सासूबाई दरवर्षी महिनाभर आमच्याकडं राहतात. त्या ओळखीतून दोघींचा रोज संध्याकाळी फोन असतो. एरवी विषय सांडग्यांचा.

गुंडानं हेल्मेटवर तासभर काम केलं. पट्टीला आतून उरलेल्या भगव्या फेट्याच्या कापडाची मऊ गादी शिवली. दोऱ्याच्या मापानं किल्ली फिरवली. दोन्ही बाजूंचे स्क्रू ढिले केले. "आता मान जरा खाली केली की हेल्मेट आपसूक तोंडावर आलं पायजे. हाताची गरज न्हाई." दोरा त्यानं परत लिंबाला गुंडाळून माझ्या खिशात घातला. "जपून ठेव. पुन्यांदा लागंल."

रविवारी साडेनऊला विजयमाला शेडमध्ये पाइप मांडत होती. जुनी काच फडक्यानं चारदा पुसून झाली होती. माझा बेत असा की चेअरमनसाहेबांसमोर हेल्मेट तिच्या हातात द्यायचं, तिनं ते घालायचं आणि माझ्याकडं एकदा बघायचं. एवढंच हवं होतं. आधी आपल्या डोक्यावर एकदा घालून बघू म्हणून मी ते अंगणात घातलं आणि वर करून उभा राहिलो.

तेवढ्यात बुलेट आत आली. बुलेटवर माझे सासरे. कुंडलहून कोरेगाव, न कळवता, रविवारी सकाळी. मिशा एकदम ताठ. पाठोपाठ कंपाउंडच्या भिंतीवरून दगडाबाईंचं डोकं वर आलं.

"या मामा, चहा..."

"चहा ऱ्हाऊ द्या, पावणं. मी इचारतो तेवढ्याचं उत्तर द्या. काल दुपारी माझी लेक झोपली असताना तुमी तिच्या डोक्याला काळा दोरा गुंडाळलासा?"

मी मान हलवली. खाड्! हेल्मेट तोंडावर.

"तोंड झाकू नका!"

मी हातानं वर केलं. "मामा, त्याचं असं झालं..."

"तिचा केस तोडून गाठीत बांधलासा?"

तुटला होता, तोडला नव्हता. हा फरक मी सांगणारच होतो, पण माझी मान माझ्या आधी बोलते. खाड्!

"बगा, बगा," भिंतीवरून दगडाबाई. "तोंडच दावंना झालाय. आवं, ओटातल्या ओटात मंतर म्हनत हुता. मग फुक मारली. माझ्या डोळ्यानं बगितलं."

"लिंबू घिऊन तिकटीवर गेलासा?" मी हेल्मेट वर करताच सासऱ्यांनी विचारलं.

खाड्!

आत काच हिरवट असते. त्या हिरव्या उजेडात सासरे आणखी मोठे दिसत होते. त्यांच्या पाठीमागं फाटकाशी एक हिरवी जीप थांबली. त्यातून हिरवे चेअरमनसाहेब उतरले आणि दोन हिरवे मेंबर. दहाला दहा मिनिटं कमी होती. शाळेच्या सगळ्या इतिहासात हे लोक वेळेआधी कधी आले नव्हते.

"विजा!" सासऱ्यांनी शेडकडं तोंड करून हाक मारली. "बॅग भर. कुंडलला जायाचं. ह्या मानसानं तुज्यावर काय तरी केलंय."

विजयमाला हातात होल्डर घेऊन बाहेर आली. तिनं वडिलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग तिची नजर जीपकडं गेली. चेअरमनसाहेब फाटकातच थबकले होते आणि एक मेंबर दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगत होता. तिचा चेहरा उतरला. त्या क्षणी मला सासऱ्यांची भीती वाटली नाही, नोकरीचीही नाही. कॅलेंडरच्या पाठचं ते गेट मी माझ्या हातानं पाडलं, एवढंच दिसत होतं.

"आवं," ती हळूच म्हणाली, "काय करून ठेवलंसा?"

मी हेल्मेट काढलं आणि खरं ते सांगितलं. गुंडा, खोबणी, दोन बोटं, सगळं. पुरावा म्हणून खिशातून दोरा गुंडाळलेलं लिंबू काढलं.

"खिशातच हाय की!" दगडाबाई किंचाळल्या. चेअरमनसाहेब दोन पावलं मागं सरले. मेंबर जीपमध्येच जाऊन बसले.

सासऱ्यांनी माझ्या हातातून लिंबू घेतलं नाही. हेल्मेट मात्र घेतलं. कदाचित पुरावा म्हणून घेतलं असेल. पण ते हातात येताच त्यांच्यातला बाप मागं गेला आणि मिस्त्री पुढं आला. त्यांनी ते उलटं केलं, आत बोट फिरवलं, भगवं कापड चाचपलं, डोळ्याजवळ नेलं.

"ही पट्टी कुणी बसवली?"

शिपायाला दाखवलं होतं ते मला आठवलं.

"उलटी बसवलीय. खालची वर, वरची खाली. किल्ली मानंजवळ पायजे, ती टाळूवर आलीय. असं तर ते हत्तीच्या डोक्यावरबी बसायचं न्हाई." त्यांनी एक खटका दाबला, पट्टी काढली, फिरवली, पुन्हा बसवली. सगळं मिळून चहात साखर ढवळायला लागतो तेवढा वेळ. "विजा, हिकडं यी. डोकं दे."

"आप्पा, माप?"

आता सगळे माझ्या हातातल्या लिंबाकडं बघायला लागले. सासऱ्यांनी खाकरून हात पुढं केला. मी दोरा सोडवून दिला. त्यांनी तो पट्टीच्या आतून फिरवला, किल्ली दोन खटके मागं घेतली आणि हेल्मेट लेकीच्या डोक्यावर ठेवलं. पुढं भुवईच्या वर दोन बोटं. मागं पट्टी अंबाड्याच्या खाली, बरोबर खोबणीत. वरची आडवी पट्टी टाळूवर टेकेल इतकी सैल सोडली, म्हणजे वजन कानांवर येत नाही. बाजूचे स्क्रू आवळले.

"टोचतंय?"

"न्हाई."

"मान हलीव."

तिनं मान डावीकडं हलवली, उजवीकडं हलवली. (घरात एक मान अशीही फिरते.) हेल्मेट हललं नाही. मग तिनं एकदाच मान झुकवली आणि ते शांतपणे, अजिबात न घाबरता, खाली आलं.

सासऱ्यांनी दोरा दोन्ही हातांत ताणून बघितला. "माप मात्र," ते शेवटी म्हणाले, "सुताला सूत बराबर घेतलंय."

बारा वर्षांत सासऱ्यांनी माझ्या कामाविषयी काढलेला हा पहिला चांगला शब्द. माझे डोळे भरून आले. लपवायला हेल्मेटही राहिलं नव्हतं.

विजयमालानं हेल्मेट वर केलं. "मी झोपल्यावर?" तिनं मला विचारलं. "आन् मी जागी असताना इचारलं असतं तर?"

"तू हात लावू नका म्हणाली होतीस."

ती हसली. वाढदिवसाच्या बारा साड्यांना मिळून ती एवढी हसली नव्हती.

"चेअरमनसाहेब," ती फाटकाकडं वळून म्हणाली, "या आत. पण काचंबिगर ठिणगीकडं बगू नका. ही घ्या." तिनं आपली जुनी काच त्यांच्या हातात दिली. चेअरमनसाहेबांनी ती दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद घ्यावा तशी घेतली. जीपमधून मेंबर उतरले आणि त्यांच्या खांद्यामागं दाटीवाटीनं उभे राहिले.

तिनं दोन पाइप जोडले. एका हातानं पाइप, एका हातानं रॉड. कुणाचा तिसरा हात नव्हता, त्यामुळे काही थरथरलं नाही. हेल्मेट कुठं सरकलं नाही, तिनं एकदाही हातानं वर लोटलं नाही. मग हातोडीनं वरची काळी खपली झाडली तर खाली शिवणयंत्रावर घातल्यासारखी सरळ शिवण निघाली. शिवण थंड झाल्यावर चेअरमनसाहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं. सासरे दुसरीकडं बघत मिशा पिळत होते, पण मला माहीत आहे, त्यांना रडू येत होतं. मलाही येत होतं. ही माझी बायको आहे, वेल्डर आहे, असं मी मेंबरांना मोठ्यानं सांगितलं. त्यांना ते गेली पाच मिनिटं दिसतच होतं.

"ऑर्डर तुमची," चेअरमनसाहेब म्हणाले. "वैनी, सातारची दोन्ही कोटेशनं मी उद्याच परत धाडतो."

"बगा," भिंतीवरून दगडाबाई समाधानानं म्हणाल्या, "लिंबवानं काम केलं का न्हाई?"

सोमवारी ऑर्डरचं पत्र निघालं. चेअरमनसाहेब तोंडी सांगत होते आणि मी कॉम्प्युटरवर टाइप करत होतो. रुंदी, उंची, रंग, मुदत. अट क्रमांक सात सांगताना त्यांनी जरा घसा साफ केला. ती जशीच्या तशी देतो, कारण माझ्याच हातानं टाइप झालेली आहे:

'गेटची सर्व मापे सौ. विजयमाला यांनी स्वतः लोखंडी टेपने घ्यावीत. काम पूर्ण होईपर्यंत कार्यालयीन लिपिकाने दोरा, लिंबू वा तत्सम साहित्यासह शाळेच्या आवारात फिरू नये.'

"बराबर झालं न्हवं, क्लार्कसाहेब?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.